यात हॉपकिन्स कुठंय?

मागच्या पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याच्या घाटात अडकलो होतो, म्हणजे नेहमीसारखंच, पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला आणि मागे आम्ही सगळे वायपर चालू ठेवून बसलेले. शेजारी भाचा. वय सतरा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं, आणि सध्या जॉन हॉपकिन्स या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या पूर्ण प्रेमात. 'इम्युनिटी' नावाचा त्याचा अल्बम त्याला पाठ आहे, त्यातला तो करकरणारा बास कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, सगळं हाताने दाखवत सांगतो. त्याच्या डोक्यात मामा म्हणजे नाट्यसंगीत आणि जुन्या हिंदी गाण्यांचं पेनड्राइव्ह. त्यामुळे मला जरा चेव आला. म्हटलं थांब, तुझ्या हॉपकिन्सचाच एक अल्बम लावतो, तू ऐकला नसशील. 'डायमंड माइन'. किंग क्रिओसोट आणि जॉन हॉपकिन्स, २०११. लावला. आणि ज्यांनी तो ऐकलाय त्यांना माहितीये की सुरुवातीला तिथे काहीच होत नाही. कपबश्या वाजतात, बायका गप्पा मारतायत, कुठल्यातरी टीहाऊसमधली दुपार असावी तसं सगळं निवांत, आणि त्याच्या मागून हळूच पियानो येतो. मग एक माणूस गायला लागतो. गाडी दहा फूट पुढे गेली, पुन्हा थांबली. दोन गाणी झाली, तिसरं अर्ध्यावर आलं तेव्हा तो अगदी सरळ म्हणाला, "मामा, गाणी मस्त आहेत रे, पण यात हॉपकिन्स कुठंय?"

मी काहीतरी सांगितलं. बॅकग्राउंडला आहे, नीट ऐक वगैरे. त्याने मान हलवली आणि मोबाइल काढला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण हा अल्बम इतकी वर्षं ऐकून, लोकांना इतक्या वेळा जबरदस्तीने ऐकवून, मला स्वतःला याचं उत्तर एका वाक्यात देता येत नव्हतं. आणि जगभरच्या समीक्षकांनी त्याचं कौतुक करताना 'लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा सुंदर मिलाफ' असं जे लिहून ठेवलंय ते तर त्या मुलाच्या कानावर अजिबात पडलं नव्हतं. त्याला इलेक्ट्रॉनिक दिसलंच नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातलं लोकसंगीतही, आपण ज्याला लोकसंगीत म्हणतो त्या अर्थाने, नाहीचे. परंपरेतलं एकही गाणं त्यात नाही. सगळी एकाच माणसाची, स्वतः लिहिलेली.

तो माणूस म्हणजे केनी अँडरसन. किंग क्रिओसोट हे त्याचं गायचं नाव. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाइफ म्हणून भाग आहे, एडिनबराच्या समोर खाडीपलीकडे, आणि त्याचा समुद्रात घुसलेला कोपरा म्हणजे ईस्ट न्यूक. क्रेल, अ‍ॅन्स्ट्रदर, सेलरडाइक, पिटनवीम, सेंट मोनान्स, ईली, अशी मासेमारीची गावं एकाला एक लागून. केनी इथलाच. वडील अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे, केली नाचांच्या बँडवाले, म्हणजे गावातल्या हॉलमध्ये लोक हातात हात घालून नाचतात त्याला साथ करणारा बँड. भाऊही गाणारे. घरातच बँड. आणि या माणसाने काय केलं, तर मोठ्या कंपन्यांची फार वाट न बघता घरच्या घरी सीडी भरायला सुरुवात केली. फेन्स रेकॉर्ड्स नावाचं लेबल, त्याच्याभोवती मित्रमंडळींचा गोतावळा, कव्हरं हाताने केलेली, आणि अल्बम किती, तर चाळीसच्या वर. चाळीस! आपल्याकडे एखादा कवी दर दिवाळीला स्वखर्चाने संग्रह काढतो आणि ओळखीच्यांना वाटतो त्यातलाच प्रकार, फक्त हा कवी खरोखर चांगला होता. त्याच गोतावळ्याच्या आसपास के. टी. टन्स्टल होती, जेम्स यॉर्कस्टन होता. टन्स्टल पुढे जगभर गाजली. केनी किनाऱ्यावरच राहिला, गाणी लिहीत.

हॉपकिन्स त्याच्या अगदी उलट. इंग्लंडचा, लंडनचा, लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकलेला, मग सिंथेसायझर आणि कॉम्प्युटरकडे वळलेला. ब्रायन इनोबरोबर काम, कोल्डप्लेच्या 'व्हिवा ला विदा'वर काम, २०१० मध्ये 'मॉन्स्टर्स' सिनेमाचं संगीत. म्हणजे ज्याला कुठलाही आवाज कुठल्याही आवाजात बदलून देता येतो असा माणूस. २००७ च्या 'बॉम्बशेल' या अल्बममध्ये तो केनीचा प्रोड्यूसर होता. आणि या दोघांनी मग, कुठलीही डेडलाइन नसताना, वर्षानुवर्षं मधेमधे भेटून, केनीच्या जुन्या ढिगातली गाणी एकेक करून बाहेर काढली. नवीन गाणी नाहीत. वीसेक वर्षांच्या ढिगातली, आधीच कुठेतरी पडून असलेली. शेवटी हाताशी आली सात. सगळा मिळून बत्तीस मिनिटांचा अल्बम. आमच्या त्या घाटातल्या ट्रॅफिकपेक्षा लहान.

बत्तीस मिनिटं!

आता जरा रेडिओवर येतो, विषय सोडून नाही, सांगतो. माझं लहानपण रत्नागिरीतलं. आमच्या घरी संध्याकाळी आकाशवाणी लावलेली असायची आणि पावसाळ्याच्या आगेमागे बातम्यांच्या जवळपास कधीतरी तो सपाट आवाज यायचा, मच्छीमार बांधवांना इशारा, किनाऱ्यालगत ताशी इतक्या वेगाने वारे वाहण्याची शक्यता, समुद्र खवळलेला राहील, कुणीही समुद्रात जाऊ नये. आमच्या घरातलं कुणीही समुद्रात जाणार नव्हतं. वडील पोस्टात. पण तो इशारा चालू असताना आई स्वयंपाकघरात भांडी जरा हळू ठेवायची, असं मला आठवतं, आणि आमच्या मागच्या गल्लीत ज्या घरांत माणसं समुद्रावर असायची तिथला रेडिओ मोठा व्हायचा. तोच आवाज, एकच वाक्य, दोन घरांत दोन वेगळे अर्थ. ब्रिटनमध्ये बीबीसीवर शिपिंग फोरकास्ट असतो, समुद्राचे तुकडे पाडून एकेका तुकड्याचं हवामान सांगतात, फोर्थ, टाइन, डॉगर असं मंत्र म्हटल्यासारखं, आणि तिकडे निम्मा देश जहाजाशी काहीही संबंध नसताना झोपायच्या आधी तो ऐकतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एकदम घरच्यासारखं वाटलं.

'डायमंड माइन'मधलं दुसरं गाणं, 'जॉन टेलर्स मंथ अवे', त्या मागच्या गल्लीतलं आहे. एक माणूस महिनाभरासाठी बोटीवर निघालाय आणि गाणारा जमिनीवर राहिलेला. बस. वादळ येत नाही, बोट बुडत नाही, विधवा रडत नाही, जे समुद्राच्या जुन्या स्कॉटिश गाण्यांत हटकून होतं. नुसतं जाणं आणि राहणं, आणि या दोघांत बरं कुणाचं हा हिशोब. केनीचा आवाज म्हणजे, कसं सांगू, सुरेल आहे पण भक्कम नाही, वरच्या सुरावर जाताना जरासा थरथरतो आणि तिथे तो तसाच सोडून देतो. फाइफची बोली अजिबात पुसलेली नाही. शेवटाकडे शब्द मागे पडतात आणि नुसता पेटीसारखा एक लांब सूर आणि त्याच्यावर तरंगणारे गळे उरतात, आणि ते इतका वेळ चालतं की पहिल्यांदा ऐकताना वाटतं आता बास, आणि नंतर कधीतरी वाटतं अजून का नाही.

हे तरंगणं केनीचं नाही. त्याच्या इतर अल्बममधला केनी खट्याळ आहे, शब्दांच्या कोट्या करणारा, एका गाण्यातून दुसऱ्यात उडी मारणारा, कधीकधी घाईतला. त्याला थांबवलंय हॉपकिन्सने. पण हे मला त्या घाटात सुचायला हवं होतं.

मधे काही वर्षं मी कंपनीच्या कामासाठी एडिनबराला होतो. ऑनसाइट. सगळ्यांसारखं मीपण आधी किल्ला बघितला, हायलँडची बस टूर केली, लॉख नेस सरोवरातला तो दंतकथेतला राक्षस दिसला नाही. आणि मग एका शनिवारी हा अल्बम कानात लावून फाइफची बस पकडली, कारण रेल्वे तिथवर जात नाही, ईस्ट न्यूकची रेल्वेलाइन साठच्या दशकातच बंद केली त्यांनी. मला काय बघायचं होतं कोण जाणे. बहुतेक ते टीहाऊस. मूर्खपणाच, कारण ते नेमकं कुठलं हे माहीत नसताना मी अ‍ॅन्स्ट्रदरच्या बंदरावर उतरलो आणि पहिल्या दिसलेल्या चहाच्या दुकानात शिरलो. बाहेर हार होता. हार म्हणजे तिकडचं समुद्री धुकं, उत्तर समुद्रावरून भर उन्हाळ्यातसुद्धा अचानक आत येतं, आणि मग समोरचं आइल ऑफ मे बेट गायब, बंदराची भिंत गायब, सीगल फक्त ऐकू येतात. आत काच घामेजलेली, दोन म्हाताऱ्या कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या (बराचसा अंदाजच, त्यांची बोली मला निम्मीच कळत होती), दुकानातली मुलगी कपबश्या एकावर एक रचत होती. मी कानातलं काढलं. तोच आवाज. बशीवर बशी बसताना आधी एक टण्ण आणि मग लगेच एक घासल्याचा आवाज येतो ना, तो. मला इतका आनंद झाला की स्कोन मागवताना तोंडातून शब्द नीट फुटेना, तिने दोनदा विचारलं जॅम हवाय का.

पण नंतर फिरताना आनंद जरा पातळ झाला. अ‍ॅन्स्ट्रदरमध्ये स्कॉटिश फिशरीज म्युझियम आहे, फार चांगलं, अगदी बंदरालाच लागून. 'रीपर' नावाची १९०२ साली बांधलेली हेरिंग मासे पकडायची बोट त्यांनी जपून ठेवलीये. आत जाळी, पिंपं, हेरिंग साफ करणाऱ्या बायकांचे फोटो, ज्या बोटींमागोमाग, बंदरामागून बंदर, किनारा धरून खाली इंग्लंडपर्यंत जायच्या आणि बोटांना चिंध्या गुंडाळून सुरी चालवायच्या. एके काळी या बंदरात म्हणे बोटींवरून चालत पलीकडे जाता यायचं. मग फाइफचा हिवाळी हेरिंग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपला. मासाच गेला. आज खरी मासेमारी शेजारच्या पिटनवीमला चालते, तीही मुख्यतः कोळंबी, खेकडे, लॉबस्टर. अ‍ॅन्स्ट्रदरच्या बंदरात बहुतेक हौशी लोकांच्या होड्या. त्या लाल कौलांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींच्या सुंदर घरांपैकी बरीचशी शनिवार-रविवारची घरं, दाराशी चावी ठेवायची ती आकड्यांची छोटी पेटी लावलेली. फिश अँड चिप्सच्या दुकानापुढे मात्र रांग. त्या रांगेत मीही उभा राहिलो, हे सांगायला हवं. हॅडक घेतला, फार चांगला होता.

आणि मग अल्बमसोबत छापलेलं ते वाक्य वेगळं वाटायला लागतं. त्या दोघांनी स्वतःच सांगितलंय की हे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या आयुष्याच्या रोमँटिक केलेल्या रूपाचं साउंडट्रॅक आहे. रोमँटिक केलेल्या. म्हणजे त्यांनी फसवलेलं नाही, आधीच कबूल केलंय. टीहाऊस आहे, समुद्र आहे, बोटीवर गेलेला माणूस आहे, पण चावीची पेटी नाही. मला या गोष्टीचा कधी राग येतो आणि कधी नाही. राग येतो तेव्हा वाटतं, लंडनच्या समीक्षकांना हेच तर हवं होतं, हेडफोनमध्ये बसून बत्तीस मिनिटांची सुट्टी, मासे नसलेल्या गावाचा माशांचा वास. आणि राग येत नाही तेव्हा वाटतं की केनी तर तिथेच राहतो, त्याला ठाऊक नसेल का काय उरलंय ते? त्याने त्या गावात राहून ही गाणी लिहिली तेव्हा ती कुणाच्या सुट्टीसाठी लिहिली नव्हती. 'बॅट्स इन द अ‍ॅटिक' ऐका. त्यात समुद्र औषधालासुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. कानशिलाजवळ पांढरे केस आलेला एक माणूस आहे, आणि वाया गेलेलं काहीतरी. हे पुण्यातही होतं.

तर कौतुक. २०११ च्या मार्चमध्ये अल्बम आला, डोमिनो या लेबलच्या डबल सिक्स नावाच्या शाखेकडून, आणि ज्या माणसाच्या चाळीस सीडी मूठभर लोकांनी ऐकल्या होत्या त्याच्याबद्दल एकदम मोठ्या पेपरांत पानं भरून यायला लागलं. उन्हाळ्यात मर्क्युरी प्राइझची यादी आली. वर्षभरातल्या ब्रिटन-आयर्लंडच्या सगळ्या अल्बममधून बारा निवडतात, त्यातला एक जिंकतो. त्या वर्षीच्या बारांत कोण होतं बघा, अडेलचा '२१', ज्याने जगभर विक्रीचे सगळे हिशोब मोडले, एल्बो, जेम्स ब्लेक, मेट्रोनॉमी, टायनी टेंपा, केटी बी, आणि या सगळ्यांच्यात हा कपबश्यांचा अल्बम. सप्टेंबरमध्ये बक्षीस पी. जे. हार्वीला मिळालं, 'लेट इंग्लंड शेक'साठी, दहा वर्षांनी तिचं दुसरं, दोनदा जिंकणारी ती पहिलीच. माझं त्याबद्दल काहीही म्हणणं नाही. तो अल्बम जबरदस्तच आहे आणि तिच्याकडे युद्धाबद्दल सांगायला काहीतरी होतं. पण मला अजूनही गंमत वाटते ती याची की त्या यादीत अडेलचा आवाज स्टेडियम भरून टाकणारा आणि केनीचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जेमतेम पोचणारा, आणि दोन्ही एकाच तराजूत ठेवले.

कौतुकाची एक वाईट खोड असते. ते माणसाला 'सापडलेला' करून टाकतं. केनी अँडरसन २०११ मध्ये सापडला असं वाचलं की मला कसंतरीच होतं, अरे तो तिथेच होता, सेंट अँड्र्यूजला रेकॉर्डचं दुकान चालवत होता, गावात फेस्टिव्हल भरवत होता, माणसं त्याच्यासाठी लांबून यायची. ती सात गाणीही जुनीच. जे नवीन होतं ते म्हणजे त्यांच्याभोवतीची जागा. आणि ती जागा करून देणारा लंडनचा होता हे खटकतं का? मला खटकतं, थोडंसं. पण खटकून उपयोग नाही, कारण कान दिला की कळतं, दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं.

याच्या बरोब्बर उलटी वाट घेणारा एक माणूस स्कॉटलंडमध्येच होऊन गेला, मार्टिन बेनेट. या अल्बमबद्दल बोलताना त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. बॅगपाइप आणि व्हायोलिन दोन्ही वाजवणारा, ग्लासगोच्या संगीत अकादमीत शिकलेला, आई मार्गारेट बेनेट लोकसाहित्याची नामांकित अभ्यासक आणि गायिका. २००३ मध्ये त्याचा 'ग्रिट' आला. त्यात त्याने भटक्या ट्रॅव्हलर समाजातल्या आणि गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतल्या गायकांचे रेकॉर्डिंगमधले आवाज घेतले, शीला स्टुअर्ट, जीनी रॉबर्टसन, फ्लोरा मॅकनील, आणि त्यांच्याखाली अक्षरशः क्लबमधला ठोका लावला. तो तोवर कॅन्सरने इतका खचला होता की वाद्यं वाजवणं होत नव्हतं, म्हणून मग दुसऱ्यांचे आवाज आणि मशीन. २००५ च्या जानेवारीत तो गेला, तेहतिसाव्या वर्षी. 'ग्रिट' ऐकताना मी कधीही बसून राहिलेलो नाही. तिथे हॉपकिन्स कुठंय असं कुणी विचारणार नाही, मशीन छातीवर येऊन बसतं, आणि तरी त्या म्हाताऱ्या बाईचा आवाज मशीनला पुरून उरतो.

मला आधी वाटायचं की हाच खरा प्रकार आणि 'डायमंड माइन' म्हणजे त्याचं मवाळ, ड्रॉइंगरूममधलं रूप. आता तसं वाटत नाही. बेनेटच्या हातात जे आवाज होते ते शंभर वर्षं उघड्यावर, आगीशेजारी, चार माणसांवर मात करून गायलेले होते. ते ठोक्याखाली चिरडले जाणार नव्हते. केनीच्या आवाजाखाली तसला ठोका लावला असता तर दुसऱ्या मिनिटाला सगळं संपलं असतं. आपल्याकडे लग्नात कोळीगीतांचं जे होतं ते आठवा, चांगल्या चालीवर डीजे असा काही बसतो की शब्द, बोट, समुद्र, नवरी, सगळं एकाच धडधडीत वाहून जातं (मीही नाचलोय त्यावर, प्रश्न तो नाही). बीट वाईट नसतो. कोण गातंय ते बघून लावायला लागतो, आणि कधीकधी न लावायला लागतो, हे दुसरं ज्याला येतं असे फार कमी.

म्हणून आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर, जमेल तसं. हॉपकिन्स पहिल्यांदा कुठे आहे, तर कपबश्यांत. कुणीतरी ठरवलं की अल्बम गाण्याने सुरू होणार नाही, गर्दीने सुरू होईल, आणि पियानो त्या गर्दीला दाबणार नाही, तिच्यात येऊन बसेल. मग तो पियानोत आहे, आणि तो पियानो असा धरलाय की वाजवणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसल्यासारखं वाटतं. केनीच्या श्वासात आहे, कारण असे श्वास बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये कापून टाकतात, इथे ओळ संपल्यावरचा श्वास ठेवलाय. एका गाण्याच्या शेपटीतून दुसरं गाणं जिथे उगवतं त्या सांध्यांत आहे, ज्यामुळे सात गाणी असूनही कुठे बोट ठेवून थांबता येत नाही. 'बबल'मध्ये तो चक्क समोर येतो, तिथे बारीक, कुरकुरीत ठोका आहे, पावलांखाली शंखशिंपले मोडावेत तसला, आणि अख्ख्या अल्बममध्ये भाचा त्या एका ठिकाणी म्हणाला असता, हां, हा बघ. आम्ही नेमके तिथवर पोचलो नाही. ट्रॅफिक सुटला आणि त्याने गाणं बदललं.

एक गोष्ट मात्र त्याला या वयात सांगून कळणार नाही आणि मी सांगणारही नाही. शेवटचं गाणं, 'युवर यंग व्हॉइस'. जवळजवळ एकच वाक्य आहे त्यात, पुन्हा पुन्हा. कुणाचातरी कोवळा आवाज आपल्याला आपल्या या नीरस आयुष्याला धरून ठेवायला लावतो, एवढंच. हे तो माणूस तक्रारीच्या सुरात म्हणत नाही आणि आभाराच्याही नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छान, शांत गाणं एवढंच वाटलं होतं. आता घरात पोरांचे आवाज आहेत, फोनवर भाच्याचा आहे, ऑफिसमध्ये दुपारी तीनला मान वर करून बघितलं की समोर तीच भिंत आहे, आणि ते वाक्य ऐकताना मला कधीकधी खुर्चीतून उठून उगाच पाणी प्यायला जावं लागतं. समीक्षकांनी याच गाण्याला गोड म्हटलेलं वाचलंय. गोड नाहीये ते. त्यात जे 'नीरस' म्हटलंय ते तो खरंच म्हणतोय.

नंतर दोघांचंही बरं झालं. केनीने २०१४ मध्ये ग्लासगोच्या कॉमनवेल्थ गेम्सच्या निमित्ताने निघालेल्या 'फ्रॉम स्कॉटलंड विथ लव्ह' या जुन्या फिल्म-फुटेजच्या सिनेमाला संगीत दिलं, पुन्हा तेच, हरवलेलं गाव, पण या वेळी पडद्यावर. हॉपकिन्सचं 'इम्युनिटी' २०१३ मध्ये आलं आणि तेही मर्क्युरीच्या यादीत गेलं, त्या वर्षी जिंकला जेम्स ब्लेक, जो २०११ मध्ये या दोघांच्याच यादीत होता. आणि जे भाच्याला पाठ असूनही माहीत नव्हतं ते हे, की 'इम्युनिटी'च्या शेवटच्या ट्रॅकवर, त्या सगळ्या करकरीनंतर, पियानोच्या मागे जो पुरुषी आवाज येतो, शब्द धड कळत नाहीत असा, तो केनी अँडरसनचाच आहे. मी भाच्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "काय सांगतोस!!!" आणि मग तासाभराने, "ते कपबश्यांवालं परत पाठव."

तर तुम्ही ऐकणार असाल तर एवढं करा, शफल आधी बंद करा, सात गाणी त्याच क्रमाने आणि एका बैठकीत. मोबाइलच्या स्पीकरवर नको, श्वास गायब होतात. भांडी घासताना चालेल, उलट मी तर म्हणेन भांडी घासतानाच ऐका, कपबश्या कुठल्या आतल्या आणि कुठल्या बाहेरच्या ते कळेनासं होतं. 'ग्रिट' त्याच दिवशी लावू नका, दोघांवरही अन्याय होतो. आणि पहिली दोन मिनिटं काही होत नाही म्हणून पुढे ढकलू नका, ती दोन मिनिटं हॉपकिन्सची आहेत.